केसांची उशिराची साक्ष

२०२४ सालच्या डिसेंबर अखेरीस आणि पुढल्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत जे घडले, त्याची वार्ता आपल्या छत्रपती संभाजीनगरात येऊन पोहोचली तेव्हा प्रथम तिची थट्टाच अधिक झाली. वस्तुतः प्रकार थट्टेचा नव्हता. डोक्यास खाज सुटावी, मग केसांना हात लावताच ते मुठीत यावेत, आणि तीन-चार दिवसांच्या आत डोके भादरल्यागत उघडे पडावे, असा त्या व्याधीचा क्रम होता. अठरा गावांतील २७९ माणसे तिच्या तडाख्यात सापडली, त्यांत आठ वर्षांची बालके होती तसे सत्तरी ओलांडलेले वृद्धही होते, आणि महाविद्यालयात जाणाऱ्या तरुण मुलामुलींचा भरणा तर विशेषच होता.

कारण शोधण्यास सारे लोक लागले, आणि कारण शोधणे म्हणजे आपल्याकडे बहुधा आरोपी ठरवणे असते. पहिला आरोप कोणत्याशा शाम्पूवर आला, दुसरा बुरशीवर. मग सर्वांचे एकमत पाण्यावर झाले, आणि त्या एकमतास निमित्तही बरे होते, कारण हा मुलूख पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात येतो, तेथले भूजल पिढ्यानपिढ्या मचूळ आहे, आणि तपासणीत त्यात नायट्रेट व विरघळलेले क्षार प्रमाणाबाहेर निघालेही. परंतु जे पाणी आजा-पणजाने प्यायले, ते एका डिसेंबरातच केसांच्या मुळावर का उठावे, या साध्या प्रश्नाचे उत्तर त्या एकमतापाशी नव्हते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक नमुने घेऊन गेले. आणि त्याच सुमारास डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही स्वतंत्रपणे तपास आरंभला. बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातील देहेडचे, म्हणजे आपल्या शिवेलगतचे. कोकणात महाड येथे विंचूदंशाच्या रोग्यांवर त्यांनी केलेल्या कामास जगन्मान्यता मिळाली, २०२२ साली सरकारने पद्मश्री दिली, परंतु खेड्यातल्या डॉक्टराचा चौकसपणा काही त्यांनी सोडला नाही. रोग्यांचे रक्त, लघवी आणि केस तर त्यांनी तपासून घेतलेच, शिवाय राशन दुकानातून घरोघरी आलेला गहूही, पदरचे पैसे खर्चून, प्रयोगशाळेत पाठवला. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: सेलेनियम नावाचे मूलद्रव्य रोग्यांच्या रक्तात ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट वाढलेले; गव्हात ते किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम, जेथे १.९ मिलिग्रॅमच्या वर ते असू नये. आणि जस्त मात्र खालावलेले. हिशेब कोणासही घरी मांडता येईल. दिवसाकाठी चारशे ग्रॅम गव्हाच्या पोळ्या खाणाऱ्याच्या पोटात अशा गव्हातून साडेपाच मिलिग्रॅमहून अधिक सेलेनियम जाणार, आणि शरीराची नित्याची गरज मिलिग्रॅमच्या सुमारे विसाव्या हिश्शाची.

हा गहू पंजाब-हरियाणाकडून आला, असे बावस्करांचे म्हणणे. शिवालिक टेकड्यांतून वाहत आलेल्या मातीमुळे पंजाबातील होशियारपूर आणि नवांशहर भागांतल्या काही शेतांत सेलेनियम विषारी प्रमाणात असते, ही गोष्ट कृषिशास्त्रज्ञांस कित्येक दशके ठाऊक आहे. एप्रिलमध्ये याच गावांतील लोकांची नखेही विकृत होऊन गळू लागली तेव्हा त्या तर्कास आणखी बळ आले, कारण केसांपाठोपाठ नखे जाणे ही सेलेनियमच्या विषबाधेची जुनी खूण आहे आणि चीनच्या हुबेई प्रांतात १९६०च्या दशकात हेच घडले होते. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या मुलखाच्या कोठीत पंजाबचा गहू कसा येऊन बसला, हा निराळ्या लेखाचा विषय आहे.

हे प्रकरण मी इतके विस्ताराने सांगतो आहे, ते त्यात आपल्या शहरातील तरुणांच्या केसगळतीचे कारण सापडते म्हणून खचित नव्हे. येथील तरुणाचे केस सेलेनियमने जात नाहीत. सांगण्याचा हेतू इतकाच की तेथे विष पोटात गेले आणि थोडक्याच अवधीत केस गळाले, कारण आणि कार्य जवळजवळ शेजारी उभे होते, आणि तरीही गावाची बोटे पाण्याकडेच वळली, डब्यातल्या पिठाकडे वळली नाहीत. मग जेथे कारण आणि कार्य यांच्यामध्ये महिन्यांचे, कधी वर्षांचे अंतर पडते, तेथे लोकसमजुतीने दिलेला फैसला कितपत ग्राह्य धरावा? तरुणांच्या केसांविषयी आपल्याकडे जे जे समज रूढ आहेत, त्यांपैकी बहुतेकांचा जन्म या अंतरातून झाला आहे, आणि केसांच्या नावाने चालणारा सारा बाजारही याच अंतरावर जगतो, असे माझे मत आहे.

डोक्यावर सुमारे लाखभर केस असतात, आणि ते एकाच वेळी वाढत किंवा एकाच वेळी पडत नाहीत; वेगवेगळ्या दिवशी पेरलेल्या शिवारासारखी त्यांची रीत असते, कुठे कोंब, कुठे उभे पीक, कुठे काढणी. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे महिन्याला सेंटिमीटरभर या गतीने वाढतो, मग दोन-तीन आठवडे थबकतो, मग सुमारे तीन महिने मुळाशी निर्जीव बसून राहतो आणि शेवटी खालून नवा केस येऊ लागला की गळून पडतो. दिवसाला पन्नास ते शंभर केस पडणे हा या व्यवहाराचा नित्याचा जमाखर्च आहे, आणि उशीवर, नहाणीच्या जाळीवर किंवा कंगव्यात ते दिसले म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. आता समजा, भाद्रपदात एखाद्या तरुणास डेंग्यू झाला, किंवा टायफॉइडने तो पंधरा दिवस अंथरुणास खिळला, किंवा लग्नाआधी बारीक होण्याच्या ध्यासाने त्याने जेवणच सोडले. शरीरावर संकट आले की वाढीच्या अवस्थेतील पुष्कळसे केस एकदम विश्रांतीत जातात, परंतु पडतात ते दोन-तीन महिन्यांनी. म्हणजे ताप विसरला गेला, दिवाळी होऊन गेली, आणि मार्गशीर्षात अकस्मात ओंजळ-ओंजळ केस हातात येऊ लागले. दरम्यान त्या तरुणाने खोली बदललेली असते, खानावळ बदललेली असते, साबण बदललेला असतो, आणि दोषारोप होतो तो या तिघांपैकी एकावर. खरा अपराधी केव्हाच गाव सोडून गेलेला असतो.

गंमत पुढेच आहे. अशा प्रकारे गळलेले केस, मूळ कारण संपले असल्यास, चार-सहा महिन्यांत आपोआप परत येतात. आणि त्या मुदतीत त्या तरुणाने जे काही डोक्याला लावलेले असेल, मग तो कांद्याचा रस असो, आजीने कढवलेले माक्याचे तेल असो किंवा हजार रुपयांची परदेशी बाटली असो, ते सारे श्रेय बिनतक्रार घेऊन जाते. कोरोनाच्या साथीनंतर असंख्य लोकांचे केस गळाले आणि बहुतेकांचे परत आले. त्या काळात किती तेलांची कीर्ती झाली असेल याची कल्पनाच केलेली बरी. ज्याला गुण आला तो शपथेवर सांगतो, आणि तो खोटे बोलत नसतो, हीच खरी अडचण आहे.

आता आपल्या शहराकडे येऊ. औरंगपुरा, समर्थनगर या भागांत अभ्यासिका आणि शिकवणी वर्ग दाटीने वसले आहेत. अंबड, गेवराई, जिंतूर, कन्नड अशा ठिकाणांहून आलेली विशी-बाविशीतली मुले तेथे स्पर्धा परीक्षांच्या ग्रंथांत डोके घालून बसलेली असतात, आणि त्या डोक्यांची निगा राखणारी केशकर्तनालये त्याच गल्ल्यांत आहेत. अशाच एका दुकानात माझ्या शेजारच्या खुर्चीवरील मुलगा कारागिरास सांगत होता, "भैया, गावाकडं असं काही नव्हतं हो. दोन वर्षं झाली इथं येऊन, इथलं बोरचं पाणीच बाधलं." कारागीर म्हणाला, "बोरचं काय अन् टँकरचं काय, सगळं एकच. बाटलीतल्या पाण्यानं डोकं धूत जा." असे म्हणत त्याने समोरचे विरळ झालेले केस बोटांनी पुढे ओढून कपाळाचे दोन्ही कोपरे झाकले, आणि मग, माझे लक्ष त्याच्या हाताकडे होते म्हणून दिसले, दातेरी कात्री घेऊन मानेवरचे केस कमी करू लागला, कारण तेथे ते फार दाट झाले होते.

त्या दातेरी कात्रीत पाण्याविरुद्धचा सगळा पुरावा आहे. पाणी ओतले तर ते कपाळावर, टाळूवर आणि मानेवर सारखेच पडते; मग ते कपाळाच्या कोपऱ्यांवर आणि टाळूवरच का कोपते, आणि मानेवर कृपा का करते? जी केसगळती अशी ठरावीक नकाशाने चालते, दोन्ही बाजूंनी आत शिरते, मागे भोवऱ्यापाशी उजाड करते आणि कानांच्या वर व मानेवर पट्टा तेवढा राखते, ती बाहेरून आलेल्या पाण्याची, हेल्मेटची किंवा शाम्पूची नसते. ती आतून, आणि वारशाने आलेली असते.

पाण्याविषयीचा आपला राग समजण्याजोगा आहे. ज्या शहरात मलिक अंबरने चारशे वर्षांपूर्वी भूमिगत नहर खोदून पाणी आणले आणि ज्याच्या पाणचक्कीवर पर्यटक अजून अचंबा करतात, त्या शहरातील नळाला जायकवाडी उशाशी असताना कित्येक दिवसांआड पाणी येते, आणि मधले दिवस विंधन विहिरीवर अथवा टँकरवर काढावे लागतात. जड पाण्याने साबणाचा फेस होत नाही, केस राठ आणि निस्तेज होतात, गुंततात, विंचरताना मधूनच तुटतात; हे सारे खरे. पण तुटलेला केस आणि मुळातून गेलेला केस या दोन भिन्न बाबी आहेत. पहिल्याचे मूळ शाबूत असते. चरकाने विमानस्थानात मिठाच्या अतिसेवनाने अकाली टक्कल पडते असे नोंदवले आहे, आणि त्याचा हवाला देऊन क्षारयुक्त पाण्यावर दोष ठेवणारे विद्वान मला भेटले आहेत. परंतु चरक तेथे खाण्याच्या मिठाविषयी बोलतो, नहाण्याच्या पाण्याविषयी नव्हे. महानगरपालिकेविरुद्धची फिर्याद भक्कम आहेच, तीत टकलाचे कलम घुसडण्याची गरज नाही.

मग वारशाने येते म्हणजे नेमके काय होते? १९४२ साली जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने असे पुरुष अभ्यासले, जे वयात येण्यापूर्वीच पुरुषग्रंथींना मुकले होते. त्यांच्यापैकी कोणासही नेहमीच्या धर्तीचे टक्कल पडलेले नव्हते. त्यांना टेस्टोस्टेरॉन हे पौरुषाचे संप्रेरक देऊ लागताच ज्यांच्या घराण्यात टक्कल होते त्यांचे केस जाऊ लागले, ज्यांच्या घराण्यात नव्हते त्यांचे शाबूत राहिले. म्हणजे संप्रेरक हवे आणि वारसाही हवा, एकट्याने काम भागत नाही. पुढे १९७४ साली डॉमिनिकन प्रजासत्ताकातील एका खेड्यात ज्युलियान इम्पेराटो-मॅकगिन्ली यांना अशी माणसे आढळली, ज्यांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनचे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या अधिक प्रभावी द्रव्यात रूपांतर करणारे विकरच जन्मतः उणे होते. मोठेपणी त्यांनाही टक्कल पडत नाही. यावरून मुख्य कारक कोण ते स्पष्ट झाले. हे द्रव्य सर्वच पुरुषांच्या अंगात असते आणि टक्कल पडलेल्यांत ते बहुधा काही जास्त नसते. फरक असतो तो केसांच्या मुळांच्या संवेदनेत. ज्यांना तसा वारसा आहे त्यांच्या कपाळावरील व टाळूवरील मुळे या द्रव्याच्या अमलाखाली दरेक फेरीत थोडी आकसतात, केस पूर्वीपेक्षा बारीक, आखूड आणि अल्पायुषी येतो, आणि काही वर्षांनी तेथे लव तेवढी उरते. केस एका दिवशी जात नाहीत, ते हळूहळू केस राहत नाहीत. त्वचारोगतज्ज्ञ भिंगाखाली पाहतात तेव्हा एकाच ठिकाणी जाड आणि तलम केस शेजारी शेजारी दिसतात, आणि त्यावरून निदान बहुतांशी होऊन जाते. त्याला रक्ताच्या डझनभर तपासण्या लागत नाहीत.

ही क्रिया अठरा-वीस वर्षांच्या वयातही सुरू होऊ शकते. नेमक्या त्याच वयात आपला मुलगा गाव सोडून शहरात येतो, जागरणे करतो, खानावळीत जेवतो, बोरच्या पाण्याने नहातो. आणि वय व स्थलांतर यांचा हा योगायोग पाण्याच्या माथी मारला जातो. तो गावी राहिला असता तरी केस गेलेच असते, आणि तेव्हा दोष उन्हाला मिळाला असता.

आजोळाकडून टक्कल येते, आईच्या वडिलांकडे पाहावे, हाही एक दृढ समज आहे, आणि त्यात सत्याचा अंश मोठा आहे, कारण या बाबतीतले एक महत्त्वाचे जनुक आईकडून येणाऱ्या गुणसूत्रावर आहे. परंतु २०१७ साली ब्रिटनमधील ५२ हजारांहून अधिक पुरुषांच्या अभ्यासात टकलाशी संबंध असलेली २८७ जनुकीय स्थाने आढळली आणि त्यांपैकी बहुतांश अन्य गुणसूत्रांवर होती; तेव्हा मामांकडे बोट दाखवून वडिलांची सुटका करण्यास पुराव्याचा आधार नाही. मुंडण केल्याने केस दाट येतात, हा समज तर १९२८ सालीच मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी दाढीवर प्रयोग करून मोडीत काढला. कापलेल्या केसाचे टोक बोथट असते म्हणून तो हाताला जाड लागतो, इतकेच.

एका समजाचा उल्लेख सभ्यतेच्या मर्यादेत राहूनही करावाच लागेल. बसस्थानकांच्या आणि रेल्वे फाटकांच्या भिंतींवर 'गुप्तरोग' असे ठळक अक्षरांत रंगवणाऱ्या दवाखान्यांनी कित्येक पिढ्यांच्या मनात असे ठसवले आहे की हस्तमैथुनाने किंवा स्वप्नदोषाने धातुक्षय होतो आणि त्याची पहिली निशाणी म्हणजे केस गळणे. यास वैद्यकशास्त्रात काडीचाही आधार नाही. टक्कल हे पौरुष उतू जात असल्याचे लक्षण, ही उलट बाजूची खुशामतही तितकीच निराधार आहे. पण पहिल्या समजाने होणारे नुकसान मोठे आहे. केस जाण्याचे दुःख एका बाजूला, आणि ते आपल्याच पापाने गेले ही लज्जा दुसऱ्या बाजूला, अशा कात्रीत सापडलेला एकोणीस वर्षांचा मुलगा घरात कोणाशी काही बोलू शकत नाही.

गोल चकतीसारखा केस जातो, ज्याला आपण चाई पडणे म्हणतो, ते प्रकरण या साऱ्याहून निराळे. तेथे किडा केस खातो असे म्हणून लसूण चोळून कातडी भाजून घेणारे लोक अजून आहेत. वास्तविक तेथे शरीराची संरक्षक यंत्रणाच चुकून केसांच्या मुळांवर चालून जाते. अनेकांना केस आपोआप परत येतात, इतरांसाठी त्या जागी देण्याची स्टेरॉइडची सुई आहे, आणि तीव्र विकारासाठी २०२२ पासून बॅरिसिटिनिब नावाची गोळीही अमेरिकेत संमत झाली आहे. लसणीची गरज नाही.

यावरून असे मात्र कोणी समजू नये की तरुण पुरुषाच्या केसगळतीत बाह्य आणि टाळण्याजोगी कारणे नसतातच. थायरॉइडचा विकार, रक्तातील लोहाची तूट, एकाएकी घटवलेले वजन, काही औषधे, ही कारणे खरी आहेत आणि डॉक्टरने विचारपूस केली तर सापडतात. व्यायामशाळांतून स्नायू फुगवण्यासाठी दिली जाणारी ॲनाबॉलिक स्टेरॉइडची इंजेक्शने वारशाने येऊ घातलेले टक्कल निश्चितच लवकर आणतात, आणि पोलीस भरतीच्या वा शरीरसौष्ठवाच्या ईर्षेने ती घेणाऱ्या मुलांना हे कोणी सांगत नाही. त्याच व्यायामशाळेत बदनाम झालेल्या क्रिएटिनविषयी मात्र पुरावा फारच तोकडा आहे, २००९ सालच्या वीस रग्बीपटूंच्या एका अभ्यासात संप्रेरक वाढलेले दिसले, केस तेथे कोणी मोजलेच नव्हते. उलटपक्षी केसांसाठी म्हणून घेतल्या जाणाऱ्या पूरक गोळ्यांतच धोका असू शकतो. बायोटिनची खरी कमतरता अत्यंत विरळ, आणि त्याच्या मोठ्या मात्रेने थायरॉइडच्या व हृदयविकाराच्या रक्ततपासण्या चुकीचे आकडे दाखवतात. 'अ' जीवनसत्त्व प्रमाणाबाहेर गेले तर केस गळतात. आणि सेलेनियमविषयी तर बोलायलाच नको. २००८ साली अमेरिकेतील दहा राज्यांत २०१ लोकांना अशाच एका पोषक म्हणवणाऱ्या द्रवातून सेलेनियमची बाधा झाली, कारण त्यात ते लेबलावरच्या प्रमाणाच्या सुमारे दोनशे पट पडले होते. त्यांपैकी बहुतेकांचे केस गळाले. 'केसांचे आरोग्य' म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक गोळ्यांच्या पाकिटावर सेलेनियम आजही छापलेले असते.

वंशागत टकलावर उपाय नाहीत असे नाही. मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबाचे औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर लव वाढू लागली तेव्हा त्याचे पाणी करून डोक्यास लावण्याची कल्पना निघाली आणि १९८८ मध्ये अमेरिकेत ते संमत झाले. फिनास्टेराइड ही गोळी डॉमिनिकन खेड्यातल्या त्या शोधातून स्फुरलेली, पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीसाठी १९९२ मध्ये आणि केसांसाठी १९९७ मध्ये आली. दोन्हींचा उपयोग मुख्यतः असलेले केस राखण्यास, काही अंशी दाट करण्यास होतो; पूर्ण उजाड झालेल्या माळावर त्यांचा इलाज चालत नाही, आणि औषध थांबवले की मिळवलेले जाते. येथेही केसांचे संथ गणित आडवे येते. मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत जुने केस अधिकच पडतात, घाबरलेला मुलगा बाटली फेकून देतो, आणि जो थांबतो त्यालाही फळ दिसायला सहा महिने ते वर्ष लागते. फिनास्टेराइडने थोड्या पुरुषांत कामेच्छा मंदावते, क्वचित औषध थांबवल्यावरही ती तक्रार रेंगाळते, आणि युरोपच्या औषध नियंत्रकांनी २०२५ मध्ये आत्महत्येचे विचार हाही तिचा एक अनिष्ट परिणाम असल्याचे मान्य केले. म्हणून मनाने आधीच खचलेल्या मुलाने ती मोबाइलवरून मागवून घेऊ नये, समोर बसलेल्या डॉक्टराशी बोलून घ्यावी. आपल्या घाटीच्या शासकीय रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे. तेथील रांग लांब असते हे खरे, पण तिच्या शेवटी तपासणारा माणूस असतो.

बाजारात तो नसतो. औषधांविषयीच्या १९४५ सालच्या नियमांना जोडलेल्या 'जे' परिशिष्टात ज्या रोगांवर रामबाण इलाजाचा दावा करण्यास औषधांना मनाई आहे, त्यांत टकलाचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे. कायदा इतका जुना आणि इतका निःसंदिग्ध असताना जाहिरातीतील विरळ डोके एका निमिषात घनदाट होते, ते तेल सौंदर्यप्रसाधन म्हणून नोंदवलेले असते म्हणून. आणि अन्न व औषध प्रशासनाने या पळवाटेकडे किती काळ पाहत बसायचे, हा प्रश्न विचारण्याची वेळ येऊन गेली आहे. या बाजाराचा खरा दलाल मात्र तेलवाला नसून सोयरीक जुळवणारा आहे. स्थळ पाहताना मुलाची शेती किती, नोकरी कायमची की कंत्राटी, याबरोबर 'केस जरा कमीच दिसतात' हा शेरा आता सर्रास येतो. मुलीच्या रंगाविषयी जे वर्षानुवर्षे निर्लज्जपणे बोलले गेले त्याची ही परतफेड आहे असे कोणी म्हणेल, तर त्यास उत्तर देणे कठीण आहे. पण त्या शेऱ्याच्या धास्तीने चोविशीतला मुलगा हप्त्यांवर केशरोपण करून घ्यायला निघतो, आणि तेथे त्याची गाठ कोणाशी पडेल याचा नेम नसतो.

केशरोपणाचे तत्त्व पक्के आहे. न्यूयॉर्कचे नॉर्मन ऑरेंट्राइख यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले की मानेवरचा केस टाळूवर नेऊन लावला तरी तो आपला मूळ स्वभाव सोडत नाही, आणि म्हणून टिकतो. पण ही शस्त्रक्रिया आहे, तीत तासन्‌तास भूल द्यावी लागते, आणि भुलेच्या औषधाचे वावडे निघाले तर मिनिटांचा प्रश्न असतो. कानपुरातील दोन अभियंत्यांच्या केशरोपणानंतर झालेल्या मृत्यूंची प्रकरणे २०२५ साली पुढे आली, तेव्हा आरोप एका दंतवैद्यकाच्या पदवीधारकावर ठेवला गेला. त्याआधीच, सप्टेंबर २०२२ मध्ये, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने बजावले होते की हे काम शस्त्रक्रियेचे रीतसर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच करावे, तंत्रज्ञाने मदतीपुरतेच हात लावावेत, आणि यूट्यूब पाहून किंवा चार दिवसांच्या कार्यशाळेत बसून कोणी यात पारंगत होत नाही. तेव्हा कपाळावर नक्षी काढून घेण्यापूर्वी सुई कोण धरणार, त्याची पदवी कोणती, आणि अंगावर गांधी उठल्या तर प्राणवायूची सोय कोठे आहे, हे तीन प्रश्न दरपत्रकाच्या आधी विचारावेत. विशीतल्या मुलाने चौथाही विचारावा, जो विक्रेता स्वतः होऊन कधीच सांगत नाही: लावलेले केस टिकतील, पण त्यांच्या मागचे मूळचे केस वारशाच्या नियमाने जातच राहतील, आणि पाच-दहा वर्षांनी पुढे केसांची एक पट्टी व मागे मोकळी जागा उरली तर ती भरायला मानेवर केस शिल्लक असतील काय?